मॅडमच्या नावावरचं वाचन

आमच्या मॅडमना कुणी "साडी छान आहे" म्हटलं, की त्या तिथल्या तिथे "माझी नाही, वहिनीची आहे" असं सांगून मोकळ्या व्हायच्या. डब्यातल्या भाजीचं कौतुक करावं, तर ती शेजारणीने दिलेली असायची. मीटिंगमध्ये साहेबांनी एखाद्या कल्पनेबद्दल त्यांना शाबासकी दिली, तर "हे मला लिफ्टमध्ये निलिमाने सांगितलं" असं सगळ्यांसमोर म्हणायच्या. लिफ्टमध्ये तेव्हा आणखी कोण कोण होतं, तेही सांगायच्या. साहेबांना वाटायचं, बाई विनय दाखवतायत. विनयबिनय काही नव्हता. ज्याची वस्तू त्याच्या पदरात घालायची, एवढाच त्यांचा खाक्या होता. आणि तो उलट बाजूनेही तितकाच चोख चालायचा. पँट्रीतल्या पाण्याच्या जारमधला शेवटचा ग्लास कुणी घेतला आणि नवीन जार न लावता कोण सटकलं, हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. ते नाव मग खणखणीत आवाजात जाहीर व्हायचं. माझं नाव तिथे पुष्कळदा गाजलेलं आहे.

आमचं ऑफिस महापेला. तिथे आम्ही नक्की काय करतो, हे घरच्यांना समजावताना माझी आजवर नेहमीच त्रेधा उडालेली आहे. मॅडमनी एकदा ते माझ्या आईला फोनवर दोन मिनिटांत समजावलं. मोठं एक मशीन असतं, त्याच्यावर बऱ्याच जणांचे प्रोग्राम चालतात. एकानेच डिस्क अडवून धरली तर बाकीचे उपाशी. म्हणून प्रोग्रामचे गट पाडतात, प्रत्येक गटाला मर्यादा घालून देतात आणि कुठल्या गटाने किती वाचलं, किती लिहिलं, ते मोजत राहतात. हे मोजणारी व्यवस्था आमची कंपनी बनवते. ती बरोबर मोजते का, अमक्याचं वाचन तमक्याच्या नावावर तर लागत नाही ना, हे तपासायचं काम मॅडमचं. आईला हे लगेच समजलं. "म्हणजे तुमच्यासारखं माणूस लागतंयच की तिथं," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ज्याला लोकांनी खोड म्हटलं असतं, त्याचा मॅडमना पगार मिळत होता.

चाचणीसाठी गट तयार करायचे, तर आम्ही लोक त्यांना ए, बी, सी अशी नावं द्यायचो. मॅडमच्या गटांची नावं निवटी, बोंबील, चिवणी, कोलीम. सगळ्यात मोठी मर्यादा असलेला गट अर्थातच जिताडा. त्या मूळच्या तळवलीच्या, आगरी घरातल्या, खाडीच्या मासळीचं ज्ञान जन्मजात. बंगलोरहून आलेले एक पाहुणे आमच्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, की निवटी हा कुठला प्रोटोकॉल आहे? मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "चिखलात चालणारा." पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एक फाइल बनवली, ती गटातल्या प्रोग्रामला वाचायला लावली आणि आकडा बघितला, तर वाचन शून्य. पहिल्याच आठवड्यात आपण केवढी मोठी चूक पकडली, या आनंदात मी मॅडमच्या टेबलाशी धावत गेलो.

"फाइल कधी बनवलीस?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

"मग ती अजून मशीनच्या डोक्यात आहे. डिस्कवर कशाला जाईल ते? तुला आता विचारलं, काल काय जेवलास, तर घरी फोन करून विचारशील का?"

"नाही."

"मग? आधी थंड कर."

थंड करणं म्हणजे मशीनने डोक्यात धरून ठेवलेलं सगळं पुसून टाकणं. मग वाचायला सांगितलं की त्याला डिस्कपर्यंत जावंच लागतं आणि खरा आकडा दिसतो. मॅडमच्या राज्यात थंड न करता केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. मशीन थंड पाहिजे आणि कालवण शिळं पाहिजे, एवढ्या दोन गोष्टींवर त्या कधीच तडजोड करत नसत. माणसांनाही तोच नियम होता. कुणी कुणाची तक्रार घेऊन तावातावाने आलं, की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "जा, थंड होऊन ये." बहुतेक जण थंड झाल्यावर परत यायचेच नाहीत.

लिहिण्याचा नियम वेगळा होता. प्रोग्रामने लिहिलं, की ते लगेच डिस्कवर जात नाही. मशीन ते स्वतःकडे ठेवून घेतं आणि सवडीने त्याचाच एक हरकाम्या ते तिकडे नेऊन टाकतो. त्यामुळे लिहिलं एकाने आणि नावावर लागलं हरकाम्याच्या, असा घोटाळा होऊ शकतो. मॅडमचा सगळा जीव या घोटाळ्यावर. लिहून झालं की ताबडतोब डिस्कवर पाठवायची आज्ञा असते, ती त्या द्यायच्याच, पण ती दिल्यावरही आम्हाला चहाला पिटाळायच्या. "लिहिलं म्हणजे पोचलं नाही," असं म्हणायच्या. चहा पिऊन आल्यावरच आकडा बघायचा. आपल्याला काही सांगितलं असेल, तर जेवणानंतर येऊन विचारायच्या, "सकाळचं पोचलं का?" आपण हो म्हटलं, की काय पोचलं ते म्हणून दाखवावं लागायचं. माझ्या बायकोला हे सांगितल्यापासून तीही मला तसंच विचारते.

एकदा मला ताप आला होता. बायको माहेरी गेलेली, मी नेरूळच्या फ्लॅटमध्ये एकटा पडलेला. दुपारी बेल वाजली. दारात मॅडम, हातात डबा. त्यात तांदळाची पेज होती आणि सुक्या बोंबलाची चटणी. आत येऊन त्यांनी पंखा कमी केला, खिडकी उघडली आणि समोर बसून मला खायला लावलं. मला आईची इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, काय झालीय पेज," मी म्हटलं.

"मला नको सांगू. आईने केलीय," असं म्हणून त्यांनी फोन लावून माझ्या कानाला दिला.

पलीकडून एक खरखरीत म्हातारा आवाज आला. "खाल्लास का रं? चटनी तिखट तं नाय ना झाली?"

मी म्हटलं, फार छान झालीय.

"मंग आख्खी खा. उरवू नको. डबा धू नको, ती धुईल."

मॅडमनी फोन घेतला आणि मला डबा धुवायला लावला.

आता निलिमाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत. निलिमा आमच्याकडे काँट्रॅक्टवर होती. नावडे कॉलनीत राहायची, नवरा तळोज्याला कंपनीत. लग्नाआधी चांगली नोकरी करत होती, मग मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि काही वर्षं घरातच गेली. सासूबाई गेल्यावर ती परत कामाला लागली, तेव्हा तिच्याहून लहान मुलं तिला काम समजावून सांगत होती आणि ती मुकाट्याने ऐकत होती. तिला पक्कं करायचं की काँट्रॅक्ट संपल्यावर नमस्कार करायचा, हे त्या महिन्यात ठरणार होतं. घराचं निम्मं ओझं तिच्या पगारावर होतं. पण त्याहूनही, या वेळी घरी बसले तर पुन्हा उठणार नाही, असं तिने मला एकदा रिक्षाची वाट बघताना सांगितलं होतं.

एक्स-रे आणि स्कॅन करणारी सेंटर्स असलेला आमचा एक कस्टमर होता. आदल्या दिवशीची सगळी चित्रं रोज सकाळी त्यांच्या मशीनवर आम्हीच बनवून दिलेले चार प्रोग्राम वाचायचे. एक ती लावून ठेवायचा, एक डॉक्टरांना पडद्यावर दाखवायचा, बाकीचे दोन आणखी काही करायचे. लावून ठेवणारा निलिमाचा. आपण ऑफिसला पोचेपर्यंत काम झालेलं असावं, म्हणजे संध्याकाळी वेळेत निघून मुलीला पाळणाघरातून घेता येईल, म्हणून तिने तो बाकी तिघांच्या आधी सुरू व्हायला लावला होता. हा शहाणपणा तिच्या अंगाशी आला. कस्टमरची तक्रार आली, की सकाळी मशीन अडकतं आणि डॉक्टर ताटकळतात. आकडे बघितले, तर जवळपास सगळं वाचन निलिमाच्या गटाच्या नावावर. तिच्या गटाची मर्यादा संपायची, तो रेंगाळायचा आणि मागचे सगळे खोळंबायचे.

आमचे साहेब वाईट नव्हते. पण त्यांना उत्तर लागायचं, आणि तेही लवकर. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, मला कागदपत्रं घेऊन बरोबर बसवलं.

"मॅडम, मोजणी करेक्ट आहे, एवढंच तुम्ही टेस्ट करून लिहून द्या. बाकी मी बघतो."

"बाकी म्हणजे काय?"

"म्हणजे आता रिपोर्टमध्ये क्लिअर दिसतंय ना, प्रॉब्लेम कुठे आहे. कस्टमरला सांगतो, माणूस बदलला. काँट्रॅक्ट तसंही संपतंय. मला पण बरं वाटत नाही मॅडम, पण काय करणार."

मॅडमनी मान डोलावली. "लिहून देते. आधी टेस्ट करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. साहेब, निलिमा, मी, आणखी दोघं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कस्टमरच्या मशीनची हुबेहूब नक्कल. निलिमाच्या हातातला रुमाल ओला झाला होता, ती तो सारखा घडी करत होती. मॅडमनी आधी सकाळच्याच क्रमाने चारही प्रोग्राम चालवले. निलिमाच्या नावापुढे डोंगराएवढा आकडा, बाकीच्यांपुढे काहीच नाही. "दिसलं ना," साहेब हळूच म्हणाले.

"दिसलं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मशीन थंड केलं आणि क्रम बदलला. डॉक्टरांना चित्रं दाखवणारा प्रोग्राम सगळ्यात आधी लावला. हा प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिला होता, ते इंजिनीअर असताना. त्याचा त्यांना अजून अभिमान होता आणि प्रत्येक नवीन माणसाला ते तो दाखवत. मॅडमनी चौघांनाही चालू केलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. डोंगर साहेबांच्या प्रोग्रामपुढे आला. निलिमाच्या नावापुढे शून्याच्या आसपास काहीतरी.

 मला मनातल्या मनात नाचावंसं वाटत होतं, पण साहेबांकडे बघून मी ते तिथेच ठेवलं.

"म्हणजे मोजण्यात बग आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मोजणी अगदी बरोबर आहे. चौघं तीच चित्रं वाचतात. जो पहिला जातो त्याला डिस्कवरून उचलून आणावं लागतं, म्हणून ते त्याच्या नावावर लागतं. मागून येतात त्यांना आयतं मिळतं. ते हलके वाटतात."

"मग मी कस्टमरला काय सांगू? मोजणी पण बरोबर आणि निलिमाची पण चूक नाही?"

"हो."

"असं कोण ऐकून घेतं मॅडम? कुणाला तरी पहिलं जावंच लागणार. मर्यादा ते वाढवणार नाहीत, मी विचारलंय. आज हिला मागे घेतलं तर दुसरा कोणी अडकेल, त्याच्या नावाने बोंब होईल. कुणाच्या तरी नावावर दाखवावंच लागेल ना."

"माझ्या दाखवा," मॅडम म्हणाल्या.

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. एक छोटासा प्रोग्राम त्या लिहिणार. त्याचा गट वेगळा, मालक म्हणून नाव त्यांचं. पहाटे, कुणालाच कशाची घाई नसताना, तो सगळी चित्रं सावकाश एकदा वाचून ठेवेल. बाकी काही करणार नाही. चौघं उठतील तेव्हा सगळं मशीनच्या डोक्यात तयार असेल. सगळ्यात जास्त वाचन त्यांच्या नावावर दिसेल, रोजच्या रोज.

"आणि कस्टमरने विचारलं, ही कोण बाई आमची डिस्क खाते?"

"माझा फोन नंबर द्या. मी रिटायरच होतेय, मला कोण काढणार?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या साडीचंसुद्धा कौतुक स्वतःकडे न ठेवलेली ही बाई, दुसऱ्याचा भार मात्र स्वतःच्या नावावर लावून घेत होती. मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला प्रेम हाच शब्द आहे.  मीटिंग संपल्यावर निलिमा खुर्च्या सरळ करत बसली, सगळ्यांच्या, एकेक करून.

कस्टमरचा फोन एकदाच आला. मॅडम त्यांच्याशी तासभर बोलल्या, शेवटी म्हणे पलीकडच्या माणसाने तळवलीला जिताडा कुठे चांगला मिळतो ते विचारून घेतलं. सकाळचं अडकणं थांबलं. रोजचा रिपोर्ट आला, की पहिल्या ओळीत मॅडमचं नाव आणि पुढे तो डोंगर. चहाच्या वेळी त्या स्वतःच सांगायच्या, "आज पण मीच." महिनाअखेरीला निलिमाला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. तिने पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "कुठल्या दुकानातला?"

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या रविवारी मी आणि निलिमा तळवलीला जेवायला गेलो. चाळींच्या आणि नव्या इमारतींच्या मधे त्यांचं घर, ओट्यावर आई बसलेली. फोनवरचा तो खरखरीत आवाज पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होतो. इवलीशी म्हातारी, पण मी पुरेसं खात नाही हे तिने लांबूनच हेरलं. जेवता जेवता मॅडमनी विषय काढला. महिना संपला की कंपनी त्यांचं खातं बंद करणार. खातं बंद झालं की तो पहाटेचा प्रोग्रामही बंद पडणार, नाहीतर मालक म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावावं लागणार. कस्टमरच्या कामावर एक नवीन मुलगी लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. तिचा प्रोग्राम आता सगळ्यात आधी सुरू होत होता.

मी माशाचे काटे काढण्यात एकदम गर्क झालो. माझी बढती व्हायची होती, आणि रिपोर्टची पहिली ओळ सगळ्यात वरचे साहेब बघतात, हे मला चांगलंच माहीत होतं.

म्हातारीला आमच्या बोलण्यातलं काही समजत नव्हतं, पण मध्येच ती मॅडमकडे बोट दाखवून निलिमाला सांगू लागली. "ही गावानशी पयली कालेजान गेली ना, तवा हिनी काय काय ऐकला. सकालची निघाली तरी बोलायचं, सांजची आली तरी बोलायचं. माझ्या मालकाला तोंड दाखवू देत नवते. मंग दोन वर्सांनी हिच्यापाठी भावकीच्या पोरी गेल्या. त्यांना कोन काय बोलला नाय. आता तं कोनाची पोर नाय गेली तं बोलतान."

"आई, जेवू दे तिला," मॅडम म्हणाल्या.

निलिमाने हातातला घास ताटात परत ठेवला. ती म्हणाली, "मॅडम, ते वाचन माझ्या नावावर लावा."

"तू आत्ताच पक्की झालीस."

"म्हणूनच."

"नीट ऐक. साहेब बदलतात. नवीन येईल त्याला यातलं काही माहीत नसेल. तो रोज सकाळी पहिलं तुझंच नाव बघेल. विचारेल, ही एवढं काय खाते. दर वेळी तुलाच समजावत बसायला लागेल."

"समजावीन."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, जा, थंड होऊन ये.  पण त्यांनी कालवणाचं पातेलं पुढे ओढलं, त्यातलं डोक्याकडचं मोठं खोट, म्हणजे मानाचा तुकडा, शोधून काढलं आणि निलिमाच्या ताटात वाढलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी रिपोर्ट आला. पहिल्या ओळीत निलिमाचं नाव होतं आणि सगळ्यात खाली, जवळजवळ शून्य आकडा लावून, त्या नवीन मुलीचं. ती मुलगी लॅपटॉप तसाच हातात धरून आमच्या टेबलाशी आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"सर, माझा प्रोग्राम बघा ना," ती म्हणाली. "मला वाटलं होतं खूप वाचेल, पण काहीच वाचत नाही. एवढा हलका झालाय."

मी निलिमाकडे बघितलं. तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"छान लिहिलायस गं," ती म्हणाली.